तुमची नगरपालिका पूररेषा पाळते का? नवख्यांसाठी तपासणीची वाट

१७ मे २०२५ ला पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले, म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्यातले, ३६ बंगले पाडले. राष्ट्रीय हरित लवादाने तसा आदेश दिला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला होता. बातम्यांत जेसीबी दिसले, रडणारी माणसं दिसली. वाचकांचे लगेच दोन तट पडले: चूक बांधणाऱ्यांची की पाडणाऱ्यांची? मला तिसराच प्रश्न पडतो. प्लॉट पडले, जोती उठली, स्लॅब झाले, माणसं राहायला आली. यातल्या प्रत्येक टप्प्यावर कुठल्या ना कुठल्या कार्यालयाला हे काम थांबवता आलं असतं. मग ते कुठे थांबलं नाही, आणि का?

हाच प्रश्न आपल्या शहराला पद्धतशीर कसा विचारायचा, ते इथे सांगतो. सिव्हिल किंवा आर्किटेक्चरचे विद्यार्थी, नवे पत्रकार, सोसायटीचे सेक्रेटरी, नदीवर काम करणाऱ्या संस्थांत नुकतेच आलेले कार्यकर्ते डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. वकिली यायला हवी असं नाही. उन्हात नदीकाठी चालायची आणि दुपारभर फायली चाळायची तयारी हवी.

नवखा माणूस पहिल्याच दिवशी काठावरच्या टपऱ्या आणि पत्र्याची शेडं मोजायला लागतो. ते सोपं असतं, पण त्यातून पालिकेने डोळेझाक केली एवढंच कळतं. पालिका नियम कसा राबवते हे पाहायचं असेल, तर तिने सही-शिक्का मारून मंजूर केलेल्या इमारती बघाव्या लागतात. माझं मत विचाराल तर निम्मा वेळ तरी परवानगी असलेल्या बांधकामांवर घालवा. खरी गंमत तिथेच असते.

आधी नियम समजून घ्या

पूरमैदानात कुठे काय बांधावं, याच्या कायद्याचा नमुना केंद्राने १९७५ साली राज्यांना पाठवला. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर अशा मोजक्यांनीच तसे कायदे केले. महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला नाही. आपल्याकडचा कारभार जलसंपदा विभागाच्या परिपत्रकांवर आणि नगररचनेच्या नियमावलीवर चालतो. परिपत्रकांपैकी जुनं १९८९ चं, नवं ३ मे २०१८ चं. मुंबई आणि काही अपवाद वगळता बाकी राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. कार्यालयात तिला सगळे ‘यूडीसीपीआर’च म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा.

रेषा दोन. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्गाची. जो आकडा मोठा तो धरायचा. लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि वरच्या अंगाला धरण असेल तर सांडव्यातून येऊ शकणारं पाणीही हिशेबात घ्यायचं. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र.

‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी बरेच जण फसतात. एकदा पूर आला की पुढची पंचवीस वर्षं निर्धास्त, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात तसा पूर येण्याची शक्यता दर वर्षी ४ टक्के असते. वीस वर्षांच्या गृहकर्जाचा काळ धरला, तर निळ्या रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पंचगंगा तिथे ५५ फुटांच्या वर गेली. मधे दोनच वर्षं.

आता बांधकामाचं. निषिद्ध क्षेत्रात यूडीसीपीआर बाग, लॉन, मोकळी जागा, पार्किंग, ओट्यांचा खुला भाजीबाजार, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, पाइपलाइन, सार्वजनिक शौचालय असल्या गोष्टींनाच मुभा देते. आधीपासून अधिकृत असलेल्या इमारतींचा पुनर्विकास पाटबंधारे खात्याच्या (म्हणजे जलसंपदा विभागाच्याच) ना हरकत दाखल्यावर होऊ शकतो. नियंत्रित क्षेत्रात बांधता येतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं. पूररेषेत अडकलेल्या जमिनीचा एफएसआय, म्हणजे तिच्यावर किती बांधता येईल याचा वाटा, त्याच भूखंडाच्या उरलेल्या भागावर वापरता येतो, हेही लक्षात ठेवा. नदीकाठच्या भूखंडावरचे टॉवर इतके उंच का, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

एक पथ्य पाळा. २०२० च्या आधीची परवानगी त्या वेळच्या नियमांनी तपासायची, आजच्या नियमांनी नाही. हे सुटलं की पालिकेचा अभियंता तुमचा अख्खा अहवाल एका वाक्यात उडवून लावतो, आणि त्याचं बरोबर असतं.

पायरी १: नकाशा, पण कुठला?

रेषा आखतो जलसंपदा विभाग आणि राबवते नगरपालिका. म्हणून नकाशाही दोन्हीकडून मागायचा. पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांकडून मूळ पूररेषा नकाशा घ्या, नगररचना विभागाकडून विकास आराखड्यावर उतरवलेला. दोन्ही शेजारी ठेवा. रेषा जुळल्या तर उत्तम. जुळल्या नाहीत तर तुमच्या तपासणीचा पहिला निष्कर्ष कार्यालयातून बाहेर पडण्याआधीच हाती आला.

नकाशासोबत तलांकांचा तक्ता मागायला विसरू नका. तलांक म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची. इंजिनिअर त्याला आरएल म्हणतात. नदी उतरत जाते तशी पुराची पातळीही उतरत जाते, त्यामुळे लाल रेषेचा तलांक शहरभर एकच नसतो. दर काही अंतरावर नदीचा आडवा छेद घेऊन तिथला तलांक दिलेला असतो. हा तक्ता नसेल तर जोत्याची उंची तपासताच येत नाही, नुसत्या रंगीत रेषा बघत बसावं लागतं.

नकाशाची तारीखही बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर बऱ्याच ठिकाणी रेषांची फेरआखणी झाली किंवा तशी मागणी झाली. जुनी आणि नवी रेषा एकमेकींवर ठेवली की काही ठिकाणी रेषा नदीकडे सरकलेली दिसते. सरकण्याला तांत्रिक कारण असू शकतं: नवं सर्वेक्षण, अचूक छेद, बदललेला विसर्ग. पण सरकलेल्या पट्ट्यात त्यानंतर कोणाला परवानग्या मिळाल्या, याची यादी करून ठेवायलाच हवी.

ओढ्या-नाल्यांना वेगळं टिपण ठेवा. मोठ्या नदीची रेषा असते, ओढ्याची बऱ्याचदा नसते. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री माणसं दगावली ती आंबिल ओढ्याच्या लोंढ्यात. कोल्हापुरात जयंती नाल्याच्या काठी वेगळाच प्रकार आहे. पंचगंगा चढली की नाल्याचं पाणी नदीत जात नाही, उलट नदीचा फुगवटा नाल्यातून शहरात शिरतो. तुमच्या नकाशावर फुगवट्याची पातळी नाल्यातून आत किती अंतरापर्यंत दाखवली आहे?

पायरी २: पट्टा ठरवा, फायली निवडा

अख्खं शहर घेऊ नका. दोन-तीन किलोमीटरचा एकच काठ घ्या, ज्यात जुनी वस्ती, नवे प्रकल्प आणि थोडी मोकळी जमीन असं सगळं येईल.

फायली निवडण्याची रीत अमेरिकेच्या पूरविमा योजनेकडून उचलण्यासारखी आहे. तिथे हजारो गावं-शहरं राष्ट्रीय पूरविमा योजनेत आहेत. पूरमैदानातल्या बांधकामाचे नियम पाळायचे, तर तिथल्या रहिवाशांना विमा मिळतो. फेमा ही संघीय संस्था किंवा राज्याचे अधिकारी अधूनमधून गावाची तपासणी करतात. गावाने केलेले पूरमैदानाचे नियम वाचतात, पूरमैदानातून गाडीने आणि पायी फिरून नवी बांधकामं टिपतात, आणि मग नेमक्या त्याच बांधकामांच्या परवान्यांच्या फायली मागतात. आधी जागा, मग कागद. उलट क्रमाने गेलं तर कार्यालय आपल्याला दाखवायच्या फायलीच दाखवणार. तिथे निष्कर्षाला किंमतही असते. नियमांच्या पुढे जाऊन काम करणाऱ्या गावांना दहा श्रेणींत बसवून विम्याच्या हप्त्यात ४५ टक्क्यांपर्यंत सूट मिळते. नियम मोडणाऱ्या गावाला परिवीक्षेवर टाकतात आणि हप्त्यावर अधिभार लागतो. आपल्याकडे असा दट्ट्या नाही. म्हणून नागरिकांनी केलेल्या तपासणीचं वजन तिच्या नेमकेपणातूनच येतं.

तर तुम्हीही आधी फिरा. यादीत किमान या चार प्रकारांतली बांधकामं असू द्या: चालू असलेला मोठा प्रकल्प, गेल्या काही वर्षांत भोगवटा (राहायला जाण्याची परवानगी) मिळालेली इमारत, एखादं लहान बंगल्याएवढं काम, आणि सरकारी किंवा पालिकेचं स्वतःचं काम. मंगल कार्यालयाचं लॉन दिसलं तर ते पाचवं. निळ्या रेषेत लॉनला परवानगी आहे हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. लॉनच्या कडेला उभं राहिलेलं आरसीसी स्टेज, स्वयंपाकघर, वधूपक्षाच्या खोल्या आणि बारा महिने न निघणारा मंडप यांना ती आहे का, हे विचारायचं. पुण्यात म्हात्रे पुलाजवळच्या डीपी रस्त्यावरच्या अशा बांधकामांवर महापालिकेला पुन्हा पुन्हा कारवाई करावी लागली आहे. ‘पुन्हा पुन्हा’ हे शब्द निष्कर्षातही तसेच लिहा.

पायरी ३: फाइल वाचणं

मोठ्या गृहप्रकल्पांसाठी आधी महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर जा. बांधकाम सुरू करण्याचा दाखला आणि मंजूर आराखडे तिथे विनामूल्य दिसतात. निम्मं काम घरबसल्या होतं.

बाकीच्यांसाठी माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, १५० शब्दांत आणि एकाच विषयावर. उत्तराची मुदत ३० दिवस. प्रती मागण्यापेक्षा फाइल प्रत्यक्ष बघायला मागा. मजकूर साधा असावा: “सर्व्हे क्रमांक अमुक येथील बांधकाम परवानगीची संपूर्ण फाइल, टिप्पणी पानांसह, मला अवलोकनासाठी उपलब्ध करून द्यावी. अवलोकनानंतर मी निवडलेल्या पानांच्या प्रती द्याव्यात.” ‘टिप्पणी पानांसह’ हे दोन शब्द विसरू नका. आराखड्यावर शिक्का असतो, शंका मात्र टिप्पणीत असतात. कनिष्ठ अभियंत्याने “भूखंड अंशतः पूररेषेत, अभिप्राय घ्यावा” असं लिहिलेलं असतं आणि दोन पानांनंतर कोणाच्या तरी सहीने ते मिटलेलं असतं.

अर्जाशिवायही एक वाट आहे. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने महापालिका आणि जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघायची सोय ठेवली आहे. सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. दारातल्या शिपायाला हे माहीत नसेल, म्हणून निर्णयाची प्रत पिशवीत ठेवा आणि हुज्जत न घालता दाखवा.

फाइल उघडल्यावर काय बघायचं? आराखड्यावर दोन्ही रेषा काढल्या आहेत का? पाटबंधारे खात्याचा अभिप्राय कोणत्या तारखेचा आहे, परवानगीच्या आधीचा की नंतरचा? परवानगीपत्रात जोत्याचा तलांक आकड्यात लिहिला आहे, की “जोते लाल रेषेच्या वर ठेवावे” एवढंच मोघम वाक्य आहे? आकडा नसलेली अट तपासताच येत नाही, आणि माझ्या नजरेत ती नसल्यातच जमा. पुढे जोते तपासणीचा दाखला, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. जोत्याच्या दाखल्यात लांबी-रुंदी जुळल्याचं लिहिलेलं असतं. उंचीचं काय? ती कोणी आणि कशावरून मोजली?

“पुरामुळे नुकसान झाल्यास शासन जबाबदार राहणार नाही” असं हमीपत्रही फायलीत सापडेल. ते घेतलं म्हणजे नियम पाळला असं समजून पुढे जाऊ नका. हमीपत्राने पाणी अडत नाही, आणि ते लिहून देणारा फ्लॅट विकून मोकळा झालेला असतो.

पायरी ४: जागेवर

एप्रिल-मे हा उत्तम काळ. झाडोरा वाळलेला असतो, पात्र दिसतं, भराव लपत नाही. दुसरी फेरी पावसाळा संपल्या संपल्या मारा. तेव्हा भिंतींवर पाण्याचे डाग ताजे असतात आणि कुंपणाच्या तारांना अडकलेला कचरा पातळी दाखवतो. पूर असताना मोजमापाला जाऊ नका. खासगी जागेत परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. रस्त्यावरून आणि समोरच्या काठावरून पुष्कळ दिसतं.

उंची मोजायची रीत. फोनमधल्या जीपीएसची उंची वापरू नका, ती कित्येक मीटरनी चुकते आणि आपल्याला तर हातभर फरक मोजायचा आहे. ऑटो लेव्हल यंत्र आणि ते चालवणारा कोणी मिळाला तर उत्तमच. सिव्हिलच्या कॉलेजांत दोन्ही मिळतात. नाही मिळालं तर गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी घ्या. जवळच्या अशा खुणेपासून सुरू करा जिचा तलांक ठाऊक आहे: पुलावरचा बेंचमार्क, किंवा जलसंपदाने लावलेला पूररेषेचा खांब असेल तर तो. तिथून टप्प्याटप्प्याने इमारतीच्या जोत्यापर्यंत या, आणि परतही मोजत जा. जाता-येता आकडा जुळला तरच तो वहीत घ्या.

समजा त्या छेदावर लाल रेषेचा तलांक ५४५.२० आहे. मग जोतं ५४५.६५ वर हवं. तुम्हाला ५४५.३० मिळालं, तर “जोतं साधारण ३५ सेंटिमीटर कमी” असं लिहा, आणि नळीने मोजल्याचंही लिहा. पालिकेने यंत्राने फेरमोजणी करावी अशी मागणी त्यातूनच पुढे येते.

जोतं पुरेसं उंच असेल तर ते कशावर उंच केलं, हे बघा. खांबांवर उचललेली इमारत पुराच्या पाण्याला खालून वाट देते. त्याच उंचीसाठी अख्खा भूखंड मातीने आणि राड्यारोड्याने भरला, तर कागदावर नियम पाळला जातो आणि तेवढं पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं. आत्तापर्यंत जे वाचलं त्यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. भराव हा पूरमैदानाचा सर्वात मोठा आणि सर्वात कमी नोंदला जाणारा बदल आहे. रात्री डंपर येतात, सकाळी जमीन वीतभर उंच असते, आणि चार वर्षांनी ती ‘मूळचीच उंच’ ठरते. त्यावर उतारा म्हणजे गुगल अर्थमधली जुनी उपग्रहचित्रं. एकाच जागेची वेगवेगळ्या वर्षांची चित्रं काढून तारखेसकट जपून ठेवा. काठाची रेघ नदीकडे सरकताना स्पष्ट दिसते.

पायरी ५: माणसांशी बोलणं

नगररचनेतल्या अभियंत्याला भेटताना “साहेब, ही बिल्डिंग कशी काय मंजूर झाली?” असं विचारलंत तर संभाषण तिथेच संपतं. “साहेब, नदीकाठची फाइल आली की तुमच्याकडे काय काय तपासलं जातं? पाटबंधारेचा अभिप्राय किती दिवसांत येतो? जोतं बघायला कोण जातं, गाडी मिळते का?” असं विचारा. मग तो बोलतो. लहान नगरपालिकेत एकाच अभियंत्याकडे बांधकाम परवानगी, अतिक्रमण आणि पाणीपुरवठ्याची कामं असतात. त्याच्याकडे तलांकांचा तक्ता नसतो, लेव्हल यंत्र नसतं, आणि वरून फोन मात्र असतात. हे तुमच्या अहवालात यायला हवं, कारण ज्याला नियम ठाऊक आहे पण साधन नाही त्याची दुरुस्ती वेगळी, आणि साधन आहे पण इच्छा नाही त्याची वेगळी.

मग काठावरचे जुने रहिवासी. सांगली-कोल्हापुरात लोक पुराची भाषा फुटांत बोलतात. सांगलीत आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट; २०१९ ला ती ५७ फुटांच्या वर गेली. किती फुटांना कुठल्या गल्लीत पाणी येतं, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांना पाठ असतं. पूररेषेचे नकाशे मात्र मीटरमध्ये आणि समुद्रसपाटीपासून. पुलावरच्या मोजपट्टीच्या शून्याचा तलांक पाटबंधारे खात्याकडून घेतलात की दोन्ही भाषा जुळतात, आणि आजींनी सांगितलेली खूण नकाशावर मांडता येते. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण पुढे लोकांना अहवाल समजतो तो यामुळेच.

पूर प्रत्यक्ष येऊन गेला असेल तर आणखी एक ताळा करा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकसाठी आखलेली होती. मग कमी विसर्गाला पाणी वर का आलं? धरणाखालच्या ओढ्यांचं पाणी हिशेबाबाहेर राहिलं असेल, पात्र भरावाने आणि बांधकामांनी आखडलं असेल, किंवा रेषाच चुकली असेल. तुमच्या गावातही विसर्ग, पातळी आणि रेषा हे तीन आकडे एकत्र ठेवून बघा.

पायरी ६: नोटिसांचं पुढे काय होतं

विनापरवाना बांधकामाला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस देता येते. तुमच्या पट्ट्यातल्या नोटिसांची नोंदवही मागा आणि प्रत्येकीपुढे तारखा लिहा: तक्रार, पाहणी, नोटीस, कारवाई किंवा न्यायालयाची स्थगिती. नोटीस देऊन वर्षानुवर्षं गप्प बसणं ही आपल्याकडची सर्वात रुळलेली पद्धत. इमारत जोत्याला असताना नोटीस गेली की माणसं राहायला आल्यावर, हे तारखांतून आपोआप उघडं पडतं.

गुंठेवारीचंही बघा, म्हणजे जमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने परवानगीशिवाय पाडून विकलेले भूखंड. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांना नियमित होण्याची वाट मिळाली. तुमच्या शहरात नियमित झालेल्यांपैकी किती निळ्या रेषेत होते, हा एका ओळीचा माहिती अर्ज आहे.

कारवाई झाली ती कोणावर, हेही नोंदवा. पुण्यात आंबिल ओढ्याकाठची गरिबांची घरं जून २०२१ मध्ये ऐन पावसाळ्यात पाडायला घेतली, तेव्हा मोठा वाद झाला. झोपड्या हटतात आणि त्याच रेषेतले बंगले, लॉन, शोरूम राहतात, असं चित्र असेल तर ते तक्त्यात दाखवा. विशेषणं लावायची गरज पडत नाही.

पायरी ७: पालिका स्वतः काय बांधते

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मुठेकाठचा विठ्ठलवाडी ते वारजे हा रस्ता पुणे महापालिकेनेच निळ्या रेषेत बांधायला घेतला होता. हरित लवादाने २०१३ मध्ये त्या रेषेतलं बांधकाम हटवायला सांगितलं. कोल्हापूरजवळ शिरोलीला पुणे-बंगळूर महामार्गाचा भराव पुराचं पाणी अडवतो, ही तिथल्या लोकांची जुनी तक्रार आहे. २०१९ ला आणि २०२१ ला तो महामार्गही पाण्याखाली जाऊन बंद पडला.

म्हणून आपल्या पट्ट्यातल्या रस्त्यांचे भराव, पुलांच्या कमानी, संरक्षक भिंती, नाल्यांवर टाकलेले स्लॅब, नदीकाठ सुशोभीकरणाची कामं टिपा आणि खासगी बांधकामांना लावलेलेच प्रश्न त्यांना लावा. पाटबंधारेचा अभिप्राय घेतला का? पाणी वाहायच्या जागेत किती घट झाली, याचा हिशेब कोणी केला का? जी संस्था स्वतःला सूट देते, तिच्या नोटिशीला काठावरचा माणूस किती किंमत देणार?

पायरी ८: लिहिणं

शहराला एकच गुण किंवा ‘नापास’ असा शेरा देऊ नका. प्रत्येक फाइल कुठल्या टप्प्यावर गळली ते लिहा: नकाशा, अभिप्राय, अट, जोते तपासणी, भोगवटा, नोटीस. वीस फायलींपैकी पंधरा जोत्याच्या टप्प्यावर गळल्या असतील, तर मागणी सरळ होते: जोत्याचा तलांक आकड्यात लिहा आणि यंत्राने मोजल्याशिवाय पुढचं काम करू देऊ नका. पंधरा नकाशावरच गळल्या असतील तर पालिकेला झोडपून उपयोग नाही, जलसंपदाचं दार वाजवावं लागेल.

जे नीट झालं तेही लिहा. एखाद्या अधिकाऱ्याने दबाव असूनही परवानगी नाकारलेली फाइल सापडेल. तिचा उल्लेख जरूर करा, फक्त त्याचं नाव न घेता. त्याची बदली व्हायला नको.

रहिवाशांची नावं, फ्लॅट क्रमांक टाकू नका. त्यांनी कर्ज काढून घर घेतलेलं असतं आणि रेषेचं त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. चिपळूणसारख्या गावात तर जुनी बाजारपेठच रेषांच्या आत येते, आणि तिथले व्यापारी पूररेषेलाच विरोध करतात. त्यांची अडचण खरी आहे. पिढ्यान्‌पिढ्या वसलेलं गाव आणि काल भराव टाकून उठवलेला प्रकल्प यांना एकाच रकान्यात टाकणारा अहवाल माझ्या मते कच्चा.

मसुदा छापण्याआधी मुख्याधिकारी किंवा आयुक्त आणि पाटबंधारेचे कार्यकारी अभियंता यांना पाठवा, उत्तराला पंधरा दिवस द्या, पोहोच घ्या. आलेलं उत्तर अहवालाला जसंच्या तसं जोडा. आलं नाही तर तारखेसह तसं लिहा. वेळापत्रक असं ठेवा की अहवाल मार्चअखेर हातात पडेल. मान्सूनपूर्व आढावा बैठका एप्रिल-मेमध्ये होतात, आणि त्या विषयपत्रिकेवर जोते तपासणीचा मुद्दा घ्यायला लावणं जूनमध्ये पत्र देण्यापेक्षा सोपं जातं. पुढच्या वर्षी तोच पट्टा, त्याच फायली, आणि मधल्या काळात आलेल्या नव्या.